श्लीपद व्याधी आणि रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी

पायाला सूज असलेला रुग्ण हल्ली वैद्याकडे येतो तो बहुधा प्रयोगशाळेचा अहवाल हातात घेऊनच. त्यावर ‘फायलेरिया आयजीजी पॉझिटिव्ह’ एवढीच ओळ असते आणि तेवढ्यावर श्लीपदाचे निदान पक्के झाले, असा समज रुग्णाचा व क्वचित चिकित्सकाचाही होतो. पुढे महिनोन्महिने औषधे चालू राहतात. हा अहवाल नेमके काय सांगतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात जुने पाणी साचून राहणारे व सर्व ऋतूंत शीतल असणारे प्रदेश हे श्लीपदाचे स्थान सांगितले आहे. आधुनिक शास्त्राने दोषी ठरविलेला क्यूलेक्स डासही साचलेल्या घाण पाण्यातच वाढतो. महाराष्ट्रात नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा या व्याधीसाठी प्रसिद्ध आहे. टेंभुर्णी-जाफ्राबाद परिसरात रोग तितका आढळत नाही. परंतु कामधंद्यानिमित्त त्या भागात वर्षानुवर्षे राहून आलेली माणसे आपल्याकडे येतात. म्हणून वास्तव्याचा इतिहास विचारल्यावाचून अहवाल वाचू नये.

वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी या कृमीची प्रौढ नर-मादी लसिकावाहिन्यांत सुमारे ५ ते ७ वर्षे जगते. मादीने सोडलेले सूक्ष्मकृमी रात्री १० ते २ च्या सुमारास बाह्य रक्तात सर्वाधिक असतात, म्हणून काचपट्टीसाठी रक्त रात्रीच घ्यावे लागते. दिवसा घेतलेल्या रक्ताची काचपट्टी स्वच्छ आली, तर त्यावरून काहीच ठरत नाही. पण रात्रीचे रक्त स्वच्छ असूनही लक्षणे असणारे रुग्ण पुष्कळ असतात. या अडचणीवर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. सूक्ष्मकृमी जी प्रथिने बाहेर टाकतात, त्यांच्या विरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे एलायझा पद्धतीने शोधणारी ‘सेवाफायलाचेक’ चाचणी हे त्या कार्याचे फलित होय.

आता मर्यादा पाहू. प्रतिपिंडे ही कृमीची नव्हे, तर शरीराने कृमीला दिलेल्या प्रत्युत्तराची खूण आहे. कृमी मेल्यानंतरही आयजीजी प्रतिपिंडे अनेक वर्षे टिकतात. चोर गाव सोडून गेला तरी चौकीतील नोंद पुसली जात नाही, तसेच हे. रोगग्रस्त भागात राहणाऱ्या निरोगी माणसांतही ती सापडतात. इतर आंत्रकृमींमुळेही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आयजीजी ४ हा उपप्रकार अधिक विश्वसनीय मानला जातो, परंतु तोही अंतिम पुरावा नव्हे. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधांची सामूहिक मोहीम सुरू झाली. अशी औषधे घेऊन कृमिमुक्त झालेल्याच्या रक्तातही प्रतिपिंडे राहू शकतात.

प्रौढ कृमी आज जिवंत आहे काय, हा प्रश्न असेल तर प्रतिजन चाचणी करून घ्यावी. तिची पट्टी बोटातील रक्तावर, दिवसाही करता येते. मात्र जुनाट हत्तीपायात तीही पुष्कळदा निगेटिव्ह येते, कारण कृमी मरून गेलेले असतात व वाहिन्यांची हानी तेवढी उरते. वर्ष उलटून गेलेले, वारुळासारखे झालेले श्लीपद आचार्यांनी असाध्य का म्हटले, ते येथे ध्यानी येते. अशा पायाला कृमिघ्न औषधापेक्षा रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, भेगांवर उपचार आणि पाय उंच ठेवणे यांचा लाभ अधिक. वारंवार येणारा ताप व लाली बहुधा त्या भेगांतून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे असते.

औषधविक्रेत्या बंधूंनीही येथे सावध असावे. केवळ अहवाल दाखविला म्हणून डीईसीच्या गोळ्या देऊ नयेत. गर्भवती व दोन वर्षांखालील बालकांना त्या वर्ज्य आहेत. नित्यानंद रसात पारद, ताम्र, हरताल आहेत. प्रतिपिंडे ‘निगेटिव्ह होईपर्यंत’ असा कल्प चालू ठेवणे हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. शिवाय एकाच पायाला अचानक आलेल्या वेदनायुक्त सुजेमागे शिरेतील रक्ताची गाठ असू शकते. तेथे अहवालाची वाट पाहणे जिवावर बेतेल.

एका अवस्थेत मात्र ही चाचणी खरोखर उपकारक ठरते. तमकश्वास समजून वर्षभर उपचार घेतलेला, रात्री खोकला व घरघर असणारा, वजन घटलेला रुग्ण रोगग्रस्त भागात राहून आलेला असेल, तर इओसिनोफिल पेशींची संख्या अवश्य पाहावी. ती दर घनमिलिमीटरला ३००० हून अधिक असल्यास हा फुप्फुसाचा फायलेरियाजन्य विकार असू शकतो. यात रात्रीच्या रक्तातही सूक्ष्मकृमी सापडत नाहीत, पण प्रतिपिंडे अत्यंत उच्च असतात. तीन आठवड्यांच्या डीईसीने बहुतेकांना उतार पडतो. विलंब झाल्यास फुप्फुस कायमचे आकसते. अशा रुग्णास छातीविकारतज्ज्ञाकडे पाठविताना इओसिनोफिलचा आकडा आणि तो कोणत्या गावी किती वर्षे राहिला, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.