वडगावची माघार

लोणावळ्याहून पुण्यास जाताना कार्ले, वडगाव आणि तळेगाव ही मावळातील गावे लागतात. याच वाटेने राघोबादादा पेशवाईची गादी मिळविण्यास निघाले होते.

पेशवे सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचेही नव्हते. त्यांच्या नावाने नाना फडणीस आदी बारभाई कारभार पाहत. राघोबादादांना हे मान्य नव्हते. घरचे भांडण त्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या दारी नेले आणि १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजार इंग्रजी फौजेसह ते बोरघाट चढून खंडाळ्यास आले.

पण पुढे पाऊल पडेना. तोफा, दारूगोळा आणि सामानाचे हजारो बैल यांमुळे तळेगावास पोचावयास दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. वाटेत मराठ्यांच्या टोळ्या छापे घालीत. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हा शूर शत्रू मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ या नावाने लक्षात ठेवला!

९ जानेवारीस फौज तळेगावी आली. पाहते तो गाव ओस आणि जळालेले. दाणा नाही, वैरण नाही. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आपलेच धान्य आपल्या हातांनी जाळताना मावळच्या कुणब्यास काय वाटले असेल? पुणे अवघ्या नऊ-दहा कोसांवर होते, तरी इंग्रज सेनानींचा धीर खचला. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते गुपचूप मागे फिरले.

महादजी शिंदे सावध होते. पहाट होण्यापूर्वीच मराठी घोडदळ पिछाडीवर तुटून पडले. पिछाडी कॅप्टन हार्टले याने नेटाने सांभाळली; तिच्यात झुंजणारे शिपाई मात्र बहुतेक या देशाचेच होते. कशीबशी फौज वडगावात शिरली आणि तेथेच वेढली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठ्यांच्या तोफा गावावर धडाडू लागल्या.

राघोबादादा शिंद्यांच्या स्वाधीन झाले. १६ जानेवारीस तह ठरला. १७७३ पासून घेतलेला मुलूख साष्टीसह परत करण्याचे इंग्रजांनी कबूल केले, दोन अधिकारी ओलीस ठेवले आणि मराठ्यांच्या पहाऱ्यात ते मुंबईच्या वाटेस लागले.

पुढे मुंबई व कलकत्ता येथील इंग्रज वरिष्ठांनी हा तह झिडकारला. युद्ध पुन्हा पेटले, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.