त्रिरश्मी : पायऱ्या चढून वाचावयाचा धडा

फाल्गुनात पळस फुललेला असतो, पहाटेच्या हवेत थोडा गारवा उरलेला असतो आणि ऊन अजून तापलेले नसते. लहान डोंगर चढण्यास हा काळ उत्तम. नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेला त्रिरश्मी डोंगर मुलांनाही सहज चढता येतो. पायथ्याच्या बुद्ध स्मारकाजवळून बांधीव पायऱ्यांनी साधारण अर्ध्या तासात आपण चोवीस लेण्यांच्या रांगेपाशी पोहोचतो.

लोक यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. परंतु ही लेणी पांडवांनी कोरली, असे येथील एकही शिलालेख सांगत नाही. ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील हे लेख खऱ्या दात्यांची नावे सांगतात. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. आठव्या लेण्यात मुगुदास हा दाता भेटतो. त्याच्या नावामागील शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी ‘कोळी’ असा लावला आहे. सतरावे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे आहे.

दहाव्या लेण्यात तर गणिताचाही पाठ आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. हे लेणे चारही दिशांच्या भिक्खुसंघास अर्पण केलेले आहे.

मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने केवळ आवडते तेवढेच वाचून उठू नये. तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. ती भिक्खूंना लेणे दान करते. त्याच लेखात आपल्या पुत्राने, गौतमीपुत्र सातकर्णीने, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला अशी त्याची स्तुतीही करते. दान आणि वर्णाभिमान एकाच भिंतीवर कोरलेले आहेत.

या वर्णाभिमानाचे पुढे काय झाले, हे त्याच नाशिक शहराने पाहिले. २ मार्च १९३० रोजी, अशाच वसंताच्या आरंभी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि सत्याग्रहींपुढे मंदिराचे दरवाजे बंद राहिले. चारही दिशांच्या संघाला दिलेले लेणे आणि जन्मावरून बंद केलेले दार, यांतील अंतर काही किलोमीटरचेच. परंतु ते ओलांडण्यास आपल्या समाजाला पिढ्या लागल्या.

म्हणून पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी फाल्गुनातील एक सकाळ या डोंगरासाठी राखावी. सोबत पाणी, वही व ब्राह्मी वर्णमालेचा तक्ता घ्यावा. अक्षरांना हात लावू नये, त्यांवर खडू फिरवू नये. मुलांना एक तरी नाव स्वतः वाचू द्यावे. दगडावरचे नाव ज्याला वाचता येते, त्याला दुसऱ्याने रचलेल्या कथेवर विसंबून राहावे लागत नाही.