म्हातारपण मीरा रोडला की न्यू जर्सीत?

मीरा रोडहून अमेरिकेत येणाऱ्याला निवृत्तीची बचत म्हटली की पीपीएफ आठवतो. जुन्या करपद्धतीत तिथे भरताना सवलत मिळते आणि व्याजासकट हाती येणारी रक्कमही करमुक्त असते. अमेरिकेत मात्र कर एका टोकाला द्यावाच लागतो. १९७४ च्या कायद्याने आलेल्या ट्रॅडिशनल आयआरएत, म्हणजे वैयक्तिक निवृत्ती खात्यात, तो काढताना लागतो. १९९७ च्या कायद्यातल्या रॉथमध्ये तो आधीच भरलेला असतो आणि साडेएकोणसाठाव्या वर्षानंतर सहसा वाढीसकट सगळे करमुक्त मिळते. ‘तरुण आहेस, रॉथच घे’ हा सल्ला जन्मभर इथे राहणाऱ्यासाठी बरोबर आहे.

इथे रुळलेली मराठी कुटुंबे नव्याला आधी वेगळेच विचारतात: म्हातारपणी राहणार कुठे? आमच्या मते निवड याच प्रश्नावर ठरते, कारण रॉथची करमुक्ती हे अमेरिकेच्या कायद्याचे वचन आहे, भारत त्याला बांधलेला नाही. भारताने २०२१ मध्ये कलम ८९अ आणून परतलेल्यांना सोय दिली, की परदेशी निवृत्ती खात्यातल्या वाढीवर दरवर्षी नव्हे, पैसे काढताना कर लागावा. पण ती काढताना कर लागणाऱ्या खात्यांसाठी लिहिलेली आहे. रॉथ तिच्यात नीट बसत नाही. आता आकडे पाहा. २०२५ मध्ये अविवाहित नोकरदाराचे करपात्र उत्पन्न ९० हजार डॉलर असेल, तर वरच्या थरावर २२ टक्के केंद्रीय कर लागतो. मीरा रोडला परतून, दुसरे उत्पन्न नसताना, वर्षाला २४ लाख रुपये काढले तर २०२५-२६ च्या नव्या दरांनी कर, उपकर सोडून, ३ लाख होतो, म्हणजे साडेबारा टक्के. परतायचे पक्के असलेल्याने कर पुढे ढकलावा आणि नंतर थोडे थोडे काढावे. दोन देशांच्या करारात निवृत्तिवेतनावरचा कर राहत्या देशाचा आहे, पण तो लाभ अर्ज भरून मागावा लागतो. नाहीतर अमेरिकेतच ३० टक्के कापले जाऊ शकतात.

यावरचा एक आक्षेप रास्त आहे. कंपनीमार्फतचे निवृत्ती खाते, म्हणजे ४०१-के, असलेल्या अविवाहिताचे उत्पन्न २०२५ मध्ये ८९ हजार डॉलरवर गेले की ट्रॅडिशनलची वजावट मिळत नाही, म्हणजे वरच्या नोकरदारालाही नाही. न्यू जर्सी राज्य तर आयआरएची वजावट मुळीच देत नाही, ४०१-केची देते. म्हणून कर ढकलायचा तो ४०१-केमधून, आणि कंपनी जेवढी भर घालते तेवढे तरी आधी भरावे. दुसरा आक्षेप असा, की ग्रीन कार्डच्या रांगेतल्या माणसाला परतणार की नाही हे कसे कळावे? अशा अनिश्चिततेत रॉथ उपयोगी पडते. त्यात भरलेले मुद्दल कधीही कर आणि दंडाविना काढता येते. वेळेआधी वाढीला हात लावला तरच कर आणि १० टक्के दंड. तेव्हा ४०१-केनंतर उरेल ते, २०२५ च्या ७,००० डॉलरच्या मर्यादेत, रॉथमध्ये टाकावे आणि भरलेल्या मुद्दलाची दरवर्षीची नोंद जपून ठेवावी. परतायचे ठरले, तर किती काढता येईल हे त्या नोंदीवरूनच दाखवावे लागते.