कोंबडी-भाताच्या तयार पाकिटावरील अन्नमूल्ये : वर्गात घ्यावयाचा एक पाठ

तयार कोंबडी-भात, कोंबडीची बिर्याणी अशा नावांची बंद पाकिटे शहरांच्या बाजारांत सर्रास मिळतात, आणि तेथून आपल्या पाड्यांपर्यंत पोहोचावयास त्यांना फार दिवस लागत नाहीत. डहाणू-तलासरीकडील पुष्कळ कुटुंबे भातकापणीनंतर कामासाठी बाहेर पडतात व परतताना मुलांसाठी काही खाऊ घेऊन येतात. पाकिटावर वाफाळत्या भाताचे आणि त्यावर रचलेल्या कोंबडीच्या तुकड्यांचे चित्र असते. चित्र मुलास वाचता येते; पाठीमागील बारीक अक्षरांतील कोष्टक मात्र बहुधा घरात कोणीच वाचीत नाही. ते कोष्टक इयत्ता पाचवीपासून पुढील मुलांकडून कसे वाचवून घ्यावे, याचा येथे विचार करावयाचा आहे. रानशेतसारख्या गावातील शाळेस यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. रिकामे पाकीट धुऊन, वाळवून वर्गात आणावे म्हणजे झाले.

पाकिटावरील मजकूर इंग्रजी अथवा हिंदीत असावा एवढेच नियमाने बंधन आहे. मराठी असेलच असे नाही. म्हणून शिक्षकाने कोष्टक प्रथम मराठीत फळ्यावर उतरून घ्यावे. उदाहरणादाखल असे समजू : निव्वळ वजन २५० ग्रॅम. दर १०० ग्रॅममध्ये ऊर्जा १५० किलोकॅलरी, प्रथिने ६ ग्रॅम, कर्बोदके २० ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ५ ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम.

पहिला प्रश्न मुलांना असा विचारावा की, हे पाकीट संपविणाऱ्याच्या पोटात किती प्रथिने गेली? निम्मा वर्ग ‘सहा ग्रॅम’ असे उत्तर देईल. कोष्टक शंभर ग्रॅमचे आहे आणि पाकीट अडीचशेचे, हे येथेच मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. अडीचपट केल्यावर ऊर्जा ३७५ किलोकॅलरी, प्रथिने १५ ग्रॅम आणि सोडियम १,००० मिलिग्रॅम होते. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. म्हणजे या एका पाकिटात अडीच ग्रॅम मीठ आले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. त्याचा निम्मा वाटा येथेच संपला. पाकिटावर दैनंदिन गरजेची टक्केवारीही छापलेली असते. ती २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने असते, आठ वर्षांच्या मुलाच्या नव्हे.

कोष्टक खरे की खोटे याची एक सोपी तपासणी मुलांना फार आवडते. प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममागे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धराव्यात. वरील उदाहरणात २४, ८० आणि ४५ मिळून १४९ येतात. एखाददुसऱ्या अंकाचा फरक पूर्णांकामुळे पडतो; तो चालेल.

आता पाकिटात कोंबडी किती? घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून भात आधी व कोंबडी नंतर आलेली दिसेल. ‘कोंबडी १५ टक्के’ असे लिहिलेले असेल, तर अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात ती साडेसदतीस ग्रॅम झाली, म्हणजे दोन-तीन लहान तुकडे. शिजलेल्या, हाडाविना कोंबडीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा या तुकड्यांतून दहा ग्रॅमच्या आसपास मिळाली. उरलेली मुख्यतः भाताची.

येथे एक घोटाळा हमखास होतो. तांदूळ आणि भात एक नव्हे. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी व ८ ग्रॅम प्रथिने असतात. शिजताना तो पाणी पिऊन अडीच-तीनपट होतो, आणि म्हणून शंभर ग्रॅम भातात १३० किलोकॅलरी व अडीच-पावणेतीन ग्रॅम प्रथिनेच भरतात. कच्च्याची तुलना शिजलेल्याशी केली की सारा हिशेब चुकतो.

हीच रीत शाळेच्या खिचडीस लावून पाहावी. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले असून, त्यातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. तांदळाची आठ आणि तूरडाळीची चार, असे बारा ग्रॅम बरोबर जुळतात. चित्रातल्या कोंबडीपुढे आपली खिचडी मुलांना वाटते तेवढी दुबळी नाही! शिवाय तांदळात लायसिन हे प्रथिनाचे अंग कमी असते, ते डाळ पुरविते.

परंतु हे गणित डाळीच्या मापावर उभे आहे. डाळ वीसऐवजी दहा ग्रॅम पडली, तर प्रथिने दहावर येतात, आणि वाटीतील खिचडी पाहून ते कोणास कळतही नाही. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. त्या भागाशेजारच्या शाळांत हे दोन ग्रॅम क्षुल्लक मानता येत नाहीत. डाळ मोजताना रोज दोन मुलांना तराजूजवळ उभे करावे. माप शिकणे आणि माप पाळणे दोन्ही साधते.

कोंबडीचे खरे वैशिष्ट्यही झाकून ठेवू नये. ब-१२ जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातच असते, आणि मांसातील लोह शरीरात अधिक सहज शोषले जाते. अंड्यातही ब-१२ असते व एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय आहारात आठवड्यातून एक अंडे सुरू केले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोपविण्यात आले. जेथे गावात कोंबड्या पाळल्या जातात, तेथे पालकसभेत हा विषय काढण्यास हरकत नसावी.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांच्या भोवतालच्या वस्तूंतूनच शिक्षण उभे केले. पाकिटानंतरचा तास त्याच वाटेने न्यावा. घरी काल काय शिजले ते मुलांनी आपल्याच बोलीतील नावांनी सांगावे : भात, उडदाची आमटी, नागलीची भाकर, सुकट. सुकटीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. मात्र खारविलेल्या सुक्या मासळीत मीठही बरेच असते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे पांढऱ्या तांदळात नाममात्रच आढळते. शेवटी पाकिटाची छापील किंमत त्यातील प्रथिनांच्या ग्रॅमने भागावी. मग गावातील भावाने अंडे, तूरडाळ आणि सुकट यांचाही तोच भागाकार सातवीच्या मुलांकडून करवून घ्यावा, व चारही उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडावीत.