बांधण्याआधी उचलून पाहा

स्वतः बांधलेली होडी शहागडजवळ गोदावरीत सोडली, तेव्हा ती छान तरंगली. मला तेवढं पुरेसं वाटलं. दिवाळी उलटली होती. मुक्काम करत नदीनं खाली जायचा आम्हा दोघा मित्रांचा बेत होता.

या पट्ट्यात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे आहेत. प्रत्येक ठिकाणी होडी काठावर काढून पलीकडे न्यावी लागते. जोगलादेवीलाच आमची सकाळ गेली, कारण जाड फळ्यांची ती होडी चार माणसांशिवाय हलेना. पुन्हा पाण्यात उतरलो ते भर दुपारी, समोरून वारा सुटल्यावर. होडीचं पुढचं तोंड रुंद आणि चपटं. लाट आपटायची, पाणी आत यायचं. शेवटी ती कलंडली. अंगात लाइफ जॅकेट होती आणि जाळी लावणारे भोईदादा धावून आले, म्हणून आम्ही वाचलो.

बुडाली तरी तरंगावी म्हणून मी टोकात थर्माकोल भरून वर पॉलिस्टर रेझिन ओतलं होतं. त्या रेझिननं थर्माकोल विरघळतो, हे मला नंतर कळलं. पाणी तिथंच शिरलं होतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, लांबच्या सफरीची होडी दोन प्रसंगांसाठी आखा: ती पाण्यानं भरेल तेव्हा, आणि ती काठावर उचलावी लागेल तेव्हा.

आधी वजनाचा हिशोब मांडा. सपाट तळाची ३ मीटर लांब, १ मीटर रुंद होडी दर सेंटीमीटर बुडण्याला सुमारे ३० किलो पेलते. माणसं, पाणी, शिधा, तंबू, सगळं धरा. लाकूड आयएस ७१० मरीन प्लायचं, जोड इपॉक्सीचे. पुढचं टोक निमुळतं ठेवा. मागे तळाखाली उभी फळी बसवा, म्हणजे होडी सरळ चालते. दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे करा. वल्ही पहाटे मारा, वारा उठला की काठ गाठा. बंधाऱ्याच्या दारांजवळ जाऊ नका. जायकवाडीतून विसर्ग सुरू असेल तर नदीत उतरूच नका; २००६ चा पूर गोदाकाठ विसरलेला नाही.

दुसरी होडी आम्ही दोघांनीच उचलून घराभोवती फिरवली. मग गावतळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, मुद्दाम पाण्यानं भरून पाहिली. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात मात्र हे करू नका, त्याच्या निसरड्या कडांवरून वर येता येत नाही. काठोकाठ भरूनही ती तरंगत राहिली, तेव्हाच मी शहागडचा रस्ता धरला.