सकाळचा घोट



दारूचे व्यसन बाटल्या मोजून नीट कळत नाही. ती कोणत्या वेळी लागते, हे पाहावे लागते. सकाळचा घोट कुणी हौसेने घेत नाही. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती उतरू लागली की बिथरतो. हाताला कंप सुटतो, दरदरून घाम येतो, मळमळते, आणि थोडी पोटात गेली की सगळे शमते. शमते म्हणून माणूस तिलाच औषध समजू लागतो. चिंचवडच्या कारखान्यात कामाला असलेल्या भाच्याच्या, मिलिंदच्या, पहिल्या पाळीची बस येण्याआधी, सहाच्या सुमारास, पुलाखाली काय दिसले ते गेल्या रविवारी एका पाहुण्याने मिरजेत येऊन सांगितले. तेव्हापासून आत्याच्या डोक्यातून हा सकाळचा घोट गेलेला नाही.

‘बिअरच तर घेतो’ या बोलण्याचा हिशेब सोपा आहे. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६०. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम भरते. अशा दोन बाटल्या क्वार्टरच्या पुढे जातात. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढते, त्यामुळे रात्री अकराला संपवलेली दारू पहाटे मशीनपाशी उभे राहतानाही थोडी अंगात असू शकते.

अमेरिकेतले डॉक्टर जॉन यूइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार प्रश्न आजही दवाखान्यांत विचारले जातात. कमी करायला हवी असे कधी वाटले का? पिण्यावरून कुणी बोलले की राग येतो का? प्यायल्याची टोचणी लागते का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत म्हणून किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? दोन ‘हो’ आले तरी डॉक्टरांना भेटावे. पिण्यावरून बोलणाऱ्या आईचा फोन मिलिंदने तीनदा कापणे दुसऱ्या प्रश्नात बसते, आणि त्याबद्दल मिलिंदला बोलणी बसायलाच हवीत. पण शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. तिथे ‘हो’ असेल तर शरीर दारूवर अवलंबून राहू लागल्याची दाट शंका येते. असे शरीर बोलण्यांनी ताळ्यावर येत नाही. या घराने तो प्रयोग एकदा केलेला आहे.

१९७८च्या दिवाळीनंतर घरातल्या नानाने दारू सोडायची शपथ घेतली, तेव्हा त्याला माळ्यावरच्या खोलीत कोंडले होते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. नसलेले दिसते, ताप चढतो, छाती धडधडते. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. नानाला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, ते घरच्यांना नाटक वाटले. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात डॉक्टर दहा मिनिटांवर होते, पण बभ्रा होईल म्हणून कुणी बोलावले नाही. किल्ली आत्याच्या पदराला होती. तिचे वय तेव्हा बावीस. नानाने आतून दोनदा हाक मारली आणि ती जिन्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून सकाळची लागणाऱ्याने डॉक्टर भेटेपर्यंत स्वतःच्या हिमतीवर एकदम बंद करू नये. आत्याने असे लिहावे याचे मिलिंदला नवल वाटेल. पण नानाला हे सांगणारे कुणी नव्हते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस शामक औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. पुढे तलफ आवरायला नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असते. डायसल्फिराम घेतलेला माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणून ते सांगून, समजावूनच द्यायचे असते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असल्या जाहिरातीची पूड मिलिंदच्या आईने मागवली होती. ती आत्याने मोरीत ओतली.

औषधाने शरीर सावरते, माणसाला माणसे लागतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. तिथे राहून उपचार घेता येतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरताना सुरू केलेली संघटना. तिच्या सभांना फी नसते, आडनाव सांगावे लागत नाही, पिणे थांबवायची इच्छा पुरते. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. मिलिंदच्या आईने तिथे जायला हवे. फोनवर बोलणे सोपे वाटत असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. कारखान्यात कळेल ही भीती खरी असते, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा रुग्णाला उपचार गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे.

सुटलेली दारू पुन्हा तोंडाला लागते, कित्येकांना लागते. तेव्हा लपून न बसता त्याच डॉक्टरांकडे परत जायचे असते. त्यासाठी या घरात कुणी कोंडणार नाही. माळ्यावरच्या खोलीला आता कडीसुद्धा नाही.

पहिल्या भेटीला सोबत कुणीतरी असावे. आत्या शुक्रवारच्या गाडीने चिंचवडला मुक्कामाला येते आहे. ती काही विचारणार नाही. शनिवारी सकाळी सहाला मिलिंदचे हात थरथरले तर ते धरायला ती जागी असेल, आणि दवाखाना उघडेपर्यंत शेजारी बसेल.

आत्या