जुन्या मोटारींचे नियंत्रण-संच : पुनर्वापराचा प्रश्न

मोटारीच्या इंजिनाला किती इंधन द्यावयाचे व ते केव्हा, हे ठरविणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-संच, अर्थात ईसीएम, बिघडल्यास नवा संच बराच महाग पडतो. साहजिकच दिल्लीतील मायापुरी किंवा चेन्नईतील पुदुपेट्टै येथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारांकडे दुरुस्ती करणारे वळतात. मात्र हा संच दरवाजा वा आरशासारखा भाग नव्हे. त्याच्या स्मृतीत मूळ वाहनाचा ओळख-क्रमांक, त्या इंजिनासाठी बेतलेली आज्ञावली आणि अनेक मोटारींत चोरीप्रतिबंधक इमोबिलायझरचा संकेतही असतो. बाहेरून हुबेहूब दिसणारा संच बसवूनही किल्लीची ओळख न पटल्याने इंजिन सुरूच होत नाही, ते यामुळे. भागक्रमांक व आज्ञावलीची आवृत्ती जुळते काय आणि संच दुसऱ्या वाहनासाठी पुन्हा सिद्ध करता येतो काय, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे लागते. त्याहीआधी फ्यूज, बॅटरीचा दाब आणि अर्थिंगची तार तपासणे श्रेयस्कर. कित्येकदा दोष तेथेच असतो व संच विनाकारण बदलला जातो.

प्रश्नाची दुसरी बाजू कायद्याची आहे. संच चोरीच्या मोटारीचा नाही, हे ग्राहकाने कसे ओळखावे? २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत केंद्राला वाहन स्वीकारण्यापूर्वी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या चोरीच्या वाहनांच्या नोंदींशी पडताळणी करावी लागते. बिलाविना विकल्या जाणाऱ्या संचामागे अशी कोणतीही पडताळणी नसते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे.